ख्रिस्ती शिक्षण समितीस खुले पत्र: मुलांना ‘हे कसं कळलं?’ असं विचारू द्या

आदरणीय अध्यक्ष आणि ख्रिस्ती शिक्षण समितीचे सर्व सभासद यांस,

प्रभूच्या नावात सलाम.

या वर्षापासून संडे स्कूलच्या लहान वर्गांतून, म्हणजे सहा ते नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गांतून, ‘खरी गोष्ट आणि आपलं मत’ हा पाठ आपण काढून टाकला आहे. परिपत्रकात कारण एका ओळीत दिलंय: या वयात मुलांच्या मनात शंका निर्माण होईल असं काही शिकवू नये. त्या पाठाच्या जागी नवी स्वाध्यायवही आली आहे. मी याच वर्गांना शिकवते आणि माझा मुलगाही त्यांतल्याच एका वर्गात बसतो. समितीला आधी मी साधं पत्र लिहिलं होतं, त्याला उत्तर आलं नाही. हा निर्णय मंडळीतल्या प्रत्येक घराशी संबंधित आहे, तेव्हा आता सर्वांना वाचता येईल असं लिहिते आहे.

ज्यांनी तो पाठ वर्गात चाललेला पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी तो काय होता ते सांगते. येशूने पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट घ्या. ती चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांत, आहे, पण जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या एका मुलाजवळ होत्या, हे एकटा योहान सांगतो. गोष्ट वाचून झाली की मी फळ्यावर वाक्यं लिहिते. भाकरी पाच होत्या. मुलाच्या आईने त्या बांधून दिल्या होत्या. मुलाने त्या आनंदाने दिल्या. येशूने उपकारस्तुती केली. सगळ्या चमत्कारांत हाच मोठा. प्रत्येक वाक्यापाशी वर्गाने एकच प्रश्न विचारायचा: हे आपल्याला कसं कळलं? मग मुलं बायबलात बोट ठेवून शोधू लागतात. भाकरी सापडतात. उपकारस्तुती सापडते. आई कुठेच सापडत नाही. एक मुलगी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचते आणि म्हणते, “टीचर, आई लिहिलेली नाही. पण मला वाटतं तिनेच दिल्या असतील.” ‘आनंदाने’ या शब्दावर तर वाद होतो. एकाच्या मते तो मुलगा रडला असेल, कारण भूक त्यालाही लागली होती. ‘हाच मोठा’ म्हटल्यावर लगेच कोणीतरी येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजराला पुढे करतं. तास संपेपर्यंत मुलांनी गोष्ट चार वेळा वाचलेली असते आणि लिहिलेलं काय, आपण भर घातलेली काय, आपल्याला आवडलेलं काय, हे त्यांना वेगवेगळं सांगता येतं.

तो पाठ एवढाच होता. यातून देवाच्या वचनाविषयी शंका निर्माण झाल्याचं मी पाहिलेलं नाही. वचन पुन्हा उघडून पाहायची सवय मात्र लागलेली पाहिली आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार नव्या वहीबद्दल आहे. तिच्यातल्या एका पानावर विधानांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे एकच चौकोन: ‘खरे’. मुलाने खूण करत खाली यायचं. ‘येशूचा जन्म बेथलेहेमात झाला.’ ‘तीन राजे गोठ्यात आले.’ ‘आदाम आणि हव्वा यांनी सफरचंद खाल्ले.’ ‘मरीया मग्दालीया ही पापी स्त्री होती.’ ‘देव प्रीती आहे.’ ‘आपली उपासना सर्वांत चांगली.’ अशी सहाच्या सहा विधानं एका रांगेत, एकाच वजनाची.

मत्तय मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, आले एवढंच म्हणतो. ते किती होते हे तो सांगत नाही. देणग्या तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, त्यावरून माणसंही तीन ठरली. ते राजे होते असंही तो म्हणत नाही, आणि ते घरात गेले असं लिहितो. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात फळाचं नाव नाही. नाताळच्या नाटकात तीन मुलं मुकुट घालून आली तर त्यात काहीच वाईट नाही. माझ्या वर्गातलीही येतील आणि मी त्यांचे मुकुट चिकटवून देईन. पण नाटक ते नाटक, हे मुलाला ठाऊक असायला हवं.

मरीया मग्दालीयाचं मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही. लूक म्हणतो, तिच्यातून सात भुतं निघाली होती आणि ती येशूच्या व बारा शिष्यांच्या बरोबर असलेल्या स्त्रियांपैकी होती. योहान तर रिकाम्या कबरेपाशी उठलेल्या प्रभूला पहिल्यांदा भेटण्याचा मान तिला देतो. तिचं चालचलन वाईट होतं असं एकाही शुभवर्तमानात नाही. ५९१ साली पोप ग्रेगरी पहिला याने एका प्रवचनात तिला, बेथानीच्या मरीयेला आणि लूकच्या सातव्या अध्यायातल्या निनावी पापी स्त्रीला एकच मानलं. ते त्याचं मत होतं. पुढे चित्रकारांनी, उपदेशकांनी आणि नाटकं लिहिणाऱ्यांनी ते खरं धरलं, आणि एका विश्वासू बाईच्या नावाला शतकानुशतकं डाग लागला. १९६९ साली कॅथलिक चर्चने आपल्या उपासनेच्या पंचांगात दुरुस्ती केली तेव्हा ही गल्लत बाजूला सारली. तिथे जे दुरुस्त झालं ते आपण आठ वर्षांच्या मुलांकडून ‘खरे’ अशी खूण करून घेतो आहोत. ‘आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा आपण याच मुलांकडून पाठ करून घेतो. मेलेल्या माणसाला ती लागू होत नाही असं कुठे लिहिलं आहे?

दुसरी तक्रार मला सर्वांत जड जाते. मोठ्यांची मतं देवाचा शब्द म्हणून मुलांच्या गळी उतरवली जातात, आणि त्यांना ती तपासायला शिकवणारा तास आपण बंद केला आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील आजारी होते. मुलांच्या प्रार्थनासभेत एका मोठ्या व्यक्तीने सर्वांदेखत सांगितलं की, घरात पुरेशा विश्वासाने प्रार्थना झाली तर आजार टिकतच नाही. पुढच्या रविवारी ती मुलगी वर्ग सुटल्यावर मागे थांबली. दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत तिने विचारलं, “टीचर, मी कमी प्रार्थना केली का?”

शिष्यांनीही असंच एक मत पक्कं धरलं होतं. जन्मांध माणसाला पाहून त्यांनी येशूला विचारलं: कोणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांबद्दल, ते इतरांहून अधिक अपराधी होते असं तुम्हाला वाटतं काय, असं त्याने विचारलं आणि नाही म्हणून सांगितलं. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र अध्यायामागून अध्याय हेच बोलत राहतात: तू दुःखात आहेस, म्हणजे तू काहीतरी केलं असणार. त्यांचं बोलणं भक्तीचं वाटतं, सुरेख वाटतं, पाठ करावंसं वाटतं. आणि शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव त्यांतल्या अलीफजाला म्हणतो की, तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. माणसाचं मत देवाच्या नावावर खपवलं की देवाला राग येतो, हे ज्या पुस्तकात इतकं उघड लिहिलंय तेच पुस्तक हाती धरून आपण मुलांना सांगतो आहोत की मोठे म्हणतील ते खरं.

त्या मुलीला मी जन्मांध माणसाचा तो योहानाचा नववा अध्याय वाचून दाखवला. ‘हे येशूने म्हटलंय की त्या व्यक्तीला वाटतं?’ एवढा प्रश्न तिला आधीपासून सवयीचा असता, तर तो आठवडा तिला एकटीने काढावा लागला नसता.

तिसरी तक्रार थोडक्यात सांगते. ‘आपली उपासना सर्वांत चांगली’ हे विधान वहीत कसं आलं, मला कळत नाही. आपली उपासना मला प्रिय आहे. तिच्यातली गीतं माझ्या आईने मला शिकवली. पण शेजारच्या मंडळीतली मुलंही त्याच प्रभूला हाक मारतात, आणि त्यांची वही त्यांच्याबद्दल हेच म्हणू शकते. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौलाने हा प्रश्न हाताळला आहे: कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याला दोष लावू नये. प्रेषिताने जे माणसाच्या खात्रीवर सोडलं, ते आपल्या वहीने चौकोनात बंद केलं.

आणि चौथी तक्रार: हे ठरवताना शिकवणाऱ्यांपैकी कोणालाही विचारलं गेलं नाही.

समितीची काळजी मला समजते, आणि तिचा एक भाग रास्तही आहे. शाळांतून ‘तथ्य आणि मत’ ज्या पद्धतीने शिकवतात त्यात एक खोट आहे. तक्त्यात दोनच रकाने असतात: सिद्ध करता येतं ते तथ्य, उरलेलं सगळं मत. मग ‘पाणी शून्य अंशाला गोठतं’ हे एका बाजूला, आणि ‘निळा रंग छान’, ‘चोरी वाईट’, ‘देव माझ्यावर प्रीती करतो’ ही तिन्ही दुसऱ्या बाजूला एका ओळीत. असा तक्ता माझ्याही मुलाने घरी आणला तर मला चालणार नाही. दुबळ्याला छळणं वाईट आहे, ही कोणाची आवड नव्हे. एखादी गोष्ट खरी आहे का, हा एक प्रश्न. ती आपल्याला कशी कळली, हा दुसरा. ती मोजून किंवा पाहून दाखवता येते का, हा तिसरा. हे तीन प्रश्न एकात कोंबले की मूल गोंधळतं आणि विश्वासाच्या गोष्टींना ‘तुमचं आपलं मत’ म्हणून हात झटकायला शिकतं.

पण यावरचा उपाय पाठ बंद करणं हा नाही. पाठ नीट घ्यायचा, आणि तो कसा घ्यावा हे आपल्याला करिंथकरांस पहिल्या पत्रात सापडतं. सातव्या अध्यायात पौल लग्नाविषयी लिहितो. एका ठिकाणी तो म्हणतो, ही आज्ञा माझी नाही, प्रभूची आहे. दोनच वचनांनंतर म्हणतो, हे प्रभू सांगत नाही, मी सांगतो. आणि पंचविसाव्या वचनात तर सरळ कबूल करतो की, याविषयी मला प्रभूची आज्ञा नाही, मी आपलं मत देतो. त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाकडे वळतो, आणि तिथे ‘मला वाटतं’ हा सूर कुठेच नाही. जे मला सांगण्यात आलं ते मी तुम्हाला सांगितलं, असं म्हणून तो साक्षीदार पुढे करतो: केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावं. एकाच माणसाच्या एकाच पत्रात आज्ञा वेगळी, मत वेगळं आणि साक्ष वेगळी, प्रत्येकीवर नाव घातलेलं. प्रेषिताला आपली मतं ओळखता येत होती म्हणून त्याचा विश्वास कमी झाला, असं कोणी म्हणेल का?

वर्गात मी याच्या चार चिठ्ठ्या करते: ‘लिहिलेलं आहे’, ‘पाहून किंवा मोजून कळतं’, ‘मला वाटतं’ आणि ‘आम्ही विश्वास धरतो’. चौथी चिठ्ठी तिसरीत मिसळू द्यायची नाही, याची काळजी घेणं हे शिक्षकाचं काम. ‘येशू उठला आहे’ ही चिठ्ठी मुलं चौथीत ठेवतात आणि मग कोणीतरी हटकून म्हणतं की ती पहिलीतही बसते. बसतेच. ती कोणी पाहिली, कोणी लिहिली, आपण ती का धरून आहोत, हे तिथून पुढे बोलता येतं. नुसती खूण करून पुढच्या ओळीवर गेलेल्या मुलाशी हे बोलणं सुरूच होत नाही.

मूल लहान आहे, त्याला हे झेपणार नाही, हे म्हणणंही तपासून पाहू. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगून पाहिली: एका मुलाने चॉकलेट एका कपाटात ठेवलं, तो बाहेर असताना ते दुसऱ्या कपाटात हलवलं गेलं; आल्यावर तो ते कुठे शोधेल? अगदी लहान मुलं ते आता जिथे आहे तिथेच बोट दाखवतात. पण साधारण चार-पाच वर्षांपासून पुढे बहुतेकांना कळू लागतं की त्याला जे वाटतं ते वेगळं आणि जे आहे ते वेगळं. या धर्तीच्या चाचण्या त्यानंतर पुष्कळ झाल्या. आपले वर्ग सहा वर्षांपासून सुरू होतात. वय पाहून शिकवावं, हे मला पूर्ण मान्य आहे. उत्पत्तीचे सहा दिवस कसे वाचावेत यावरचा विद्वानांचा वाद मी सात वर्षांच्या मुलापुढे मांडणार नाही. पण आईने भाकरी बांधल्या हे लिहिलेलं नाही, एवढं त्याला नक्की कळतं.

आणि लहानपणी न शिकवलेलं मोठेपणी आपोआप येतं, असंही नाही. २०१८ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेत विकसित देशांच्या संघटनेतल्या (ओईसीडी) पंधरा वर्षांच्या मुलांपैकी सरासरी दहांतल्या एकालाही अवघड मजकुरात, आतल्या खुणांवरून, तथ्य कोणतं आणि मत कोणतं हे खात्रीने ओळखता आलं नाही. ही रोज शाळेत जाणारी मुलं. त्याच वयाची आपली मुलं मोबाईलवर रोज कोणा ना कोणा उपदेशकाला ऐकतात. तो शेवटचा काळ कधी येणार याची तारीख सांगतो, कोणत्या औषधात सैतान आहे ते सांगतो, आणि प्रत्येक वाक्याआधी ‘बायबल म्हणतं’ असं म्हणतो. बायबल खरंच तसं म्हणतं का, हे उघडून पाहायची सवय कोणी आणि कधी लावायची?

बिरुया गावातल्या लोकांची प्रशंसा लूकने प्रेषितांच्या कृत्यांत कशासाठी केली ते आपण सर्व जाणता. त्यांनी पौलाचं बोलणं मोठ्या उत्सुकतेने ऐकलं आणि तो म्हणतो ते तसंच आहे का, हे दररोज शास्त्रात शोधून पाहिलं. खुद्द पौलाचं बोलणं तपासलं गेलं आणि तपासणाऱ्यांना थोर मनाचे म्हटलं गेलं. मग आमचं, शिक्षकांचं, समितीचं बोलणं तपासणीच्या वर कसं?

मला आणखी एका गोष्टीची भीती आहे, आणि ती मी वर्ग सोडून गेलेल्या मोठ्या मुलांकडे पाहून बोलते. १६५० साली आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळी आणि राजांची कारकीर्द जोडत हिशोब केला आणि जगाची उत्पत्ती इसवी सनापूर्वी ४००४ साली झाली असं ठरवलं. ते कष्टाने केलेलं विद्वत्तेचं काम होतं, आणि एका माणसाचं अनुमान होतं. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात ही सालं छापली जाऊ लागली. समासातलं ते वचनातलंच, असं लोकांनी धरलं. भूगर्भशास्त्राने पृथ्वीचं वय फार मोठं असल्याचं दाखवलं तेव्हा अनेकांना वाटलं की बायबलच खोटं ठरलं. खोटा ठरला होता तो समास. आपली मुलं कॉलेजात जातील, तिथे त्यांना कोणीतरी सांगेल की सफरचंद बायबलात नाही, तीन राजे नाहीत, मरीया मग्दालीयेची ती कहाणी नाही. ज्या पानावर या सगळ्यांपुढे खूण केली त्याच पानावर ‘देव प्रीती आहे’ होतं. त्या पानावरचं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवायला आपण त्यांना काय दिलेलं असेल?

म्हणून समितीकडे माझ्या मागण्या आहेत.

‘खरी गोष्ट आणि आपलं मत’ हा पाठ लहान वर्गांत या वर्षीच पुन्हा सुरू करावा. त्यात ‘आम्ही विश्वास धरतो’ याला स्वतंत्र जागा द्यावी, म्हणजे परिपत्रकातली काळजीही दूर होईल.

स्वाध्यायवहीतलं ते पान मागे घ्यावं. मरीया मग्दालीयेबद्दलचं विधान तर ताबडतोब काढावं आणि ज्या मुलांनी त्यावर खूण केली आहे त्यांना वर्गात लूकचा आठवा आणि योहानाचा विसावा अध्याय वाचून दाखवावा.

मुलांपुढे बोलणाऱ्या प्रत्येकाला, मग ते पाळकसाहेब असोत, पाहुणे असोत किंवा मी असेन, एक नियम लावावा: आपलं मत सांगताना ‘हे माझं मत आहे’ असं म्हणावं. आजार, मृत्यू आणि घरातली संकटं यांची कारणं मुलांना सांगू नयेत.

पुढचा अभ्यासक्रम ठरवताना शिक्षकांचे निदान दोन प्रतिनिधी आणि पालकांचे दोन प्रतिनिधी समितीच्या बैठकीत असावेत, आणि ठरलेल्या गोष्टींची कारणं लेखी कळवावीत.

समितीतल्या कोणाच्याही भक्तीबद्दल माझ्या मनात किंतु नाही. आपल्यापैकी काहींनी मला स्वतः संडे स्कूलमध्ये शिकवलं आहे. पाठ पाहायचा असेल तर कोणत्याही रविवारी माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसावं; मुलांना आधी सांगण्याचीही गरज नाही. माझं कुठे चुकत असेल तर वचन दाखवून सांगावं. या पत्राचं उत्तर मला एकटीला न पाठवता मंडळीच्या सूचना फलकावर लावावं, अशी विनंती आहे, कारण प्रश्न सर्व पालकांचा आहे.

आपली नम्र,
लहान वर्गाची एक शिक्षिका आणि पालक